काडेपेट्या आणि फोरट्रान

उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याला संगणकाचा अभ्यासवर्ग आहे, तुमच्याकडून एक प्राध्यापक पाठवा, असं पत्र आमच्या वाशीमच्या कॉलेजात आलं तेव्हा गणित विभागात आम्ही तिघं होतो. एका सरांच्या घरी मुलीचं लग्न निघालेलं. दुसऱ्या सरांनी पत्र वाचलं, घडी केली आणि म्हणाले, "हे यंत्राबिंत्राचं आपल्याले काय करायचं?" उरले मी. नोकरीचं दुसरंच वर्ष, लग्न झालेलं नाही, उन्हाळ्यात करण्यासारखं काही नाही. प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, "तुम्ही जाऊन या. कॉलेजचं नाव तरी राहील."

दुष्काळाची वर्षं नुकतीच सरली होती. माझे वडील केनवडला प्राथमिक शाळेत मास्तर. आमच्या घरात बौद्ध धम्माच्या दीक्षेनंतर शिकण्याला देवघराची जागा मिळाली होती, त्यामुळे पुण्याला जाते म्हटल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "काय शिकवतात तिथं?"

"यंत्राशी बोलायची भाषा."

"मंग जा," ते म्हणाले. "भाषा आली म्हणजे दार उघडते."

पुण्यात पहिल्याच दिवशी खानावळीत मी वाढणाऱ्याला "मले भात नको" म्हणाले आणि टेबलावरच्या दोघीतिघी एकमेकींकडे बघून हसल्या. मी एम.एस्सी. नागपूरला केलेलं, तिथं सगळेच मले-तुले करणारे, त्यामुळे हे मला नवीन होतं. त्या दिवसापासून मी जेवताना कमी बोलू लागले. वर्गात तर इंग्रजीच चालायचं. पुस्तकातलं इंग्रजी मला समजायचं, पण तोंडातून निघायचं नाही.

शिकवणारे सर उंच, बारीक, दक्षिणेकडचे होते. ते सावकाश बोलायचे. पहिले काही तास त्यांनी यंत्राला हात लावू दिला नाही, नुसती हकिगत सांगितली. सुरुवातीला म्हणे यंत्राला फक्त आकडे कळायचे. बेरीज कर म्हणायचं तर अमुक आकडा, साठव म्हणायचं तर तमुक. प्रत्येक यंत्राचे आकडे वेगळे. एका यंत्रावर काम करणारा माणूस दुसऱ्या यंत्रापुढे मुका. मग कुणी आकड्यांच्या जागी दोन-तीन अक्षरांचे तुटक शब्द आणले. पण तेही यंत्राच्या सोयीचे, माणसाच्या नाही. मग काही जणांनी ठरवलं की माणसानं गणितात लिहितो तसं सूत्र लिहावं आणि त्याचं यंत्राच्या आकड्यांत भाषांतर यंत्रानंच करावं. जाणकार लोक हसले. भाषांतर करायला यंत्राला काय अक्कल आहे, हाताने लिहिलेल्याची सर त्याला येणार नाही, असं म्हणाले. पण ती मंडळी काही वर्षं खपली आणि त्यातून फोरट्रान निघाली. त्याच सुमारास एका बाईंनी लावून धरलं होतं की हिशेब करणाऱ्या माणसांना सूत्रंही नकोत, त्यांना साधी वाक्यं लिहिता आली पाहिजेत. त्यांनाही लोक म्हणाले की यंत्राला शब्द कळत नाहीत. त्या विचारातून पुढे कचेऱ्यांसाठी कोबोल झाली.

मी वहीत भराभर लिहून घेत होते आणि माझ्या मनात भलतंच चाललं होतं. भाषा म्हणजे आपल्या जन्माआधीपासून असलेली, मोठ्या लोकांच्या ताब्यातली गोष्ट, असंच मी धरून चालले होते. आणि इथं एक माणूस सांगत होता की माझ्या शाळेच्या दिवसांत काही लोकांनी बसून भाषा केली, ती आवडली नाही म्हणून दुसऱ्यांनी दुसरी केली, आणि अजून करताहेत.

दुसरी गोष्ट कळली ती सराव करताना. या फोरट्रानमध्ये इंग्रजी शब्द पुरते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. वाच, लिही, जर, जा, कर, थांब. ते न बोलता लिहायचे. माझा पहिला कार्यक्रम, म्हणजे यंत्राला द्यायच्या आज्ञांची यादी, यंत्रानं बिनतक्रार चालवला आणि माझ्या शेजारच्या, फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्या मुलाचा स्वल्पविराम चुकला म्हणून परत पाठवला. मला त्या यंत्राबद्दल एकदम आपुलकी वाटली.

जूनमध्ये परत आल्यावर मी प्राचार्यांना म्हणाले, "मला शनिवारी दुपारी वर्ग घ्यायचा आहे. फोरट्रानचा."

ते चष्म्यावरून बघत राहिले. "यंत्र कुठून आणता?"

"यंत्र नको. फळा द्या."

"यंत्राशिवाय यंत्राची भाषा?"

"हे पोहण्यासारखं नाही सर, व्याकरणासारखं आहे. कोरड्यावरही शिकता येतं."

त्यांना ते पटलं नसावं, पण शनिवारी दुपारी खोली रिकामीच असायची. त्यांनी हो म्हटलं.

पहिल्या शनिवारी खोली भरली. संगणक म्हणजे काय ते बघायला आले होते सगळे. संगणक नाही म्हटल्यावर पुढच्या शनिवारी निम्मे आले, आणि मी फळ्यावर इंग्रजी शब्द लिहिल्यावर त्याच्याही निम्मे. रिसोडकडचा एक पोरगा जाता जाता दारात थांबून म्हणाला, "बाई, आमचं इंग्रजीतच तर वांधं हाय. अन् तुमी इंग्रजीतूनच शिकवून राह्यल्या."

त्याचं बरोबर होतं. मी त्याला आत बोलावलं. "बस. आपण याचे मराठी शब्द करू."

"चालते का तसं?"

"फळ्यावर चालते. फळ्याले काय कळते?"

वर्गात हसू फुटलं. मी वर्गात कधी वऱ्हाडी बोलत नसे, ते तोंडून निघून गेलं होतं. मग मुलांनीच शब्द ठरवले. वाच, लिव, जर, जाय, थांब. 'दहाव्या ओळीवर जा' याचं 'जाय १०' झालं. त्या दुपारी सगळा वर्ग पहिल्यांदा बोलला.

खरी अडचण पुढे आली. मी लिहिलं, N बरोबर N अधिक एक. मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. ती मंगरूळपीरची. वडील भांड्यांना कल्हई करायचे, त्यांचं दर्ग्याच्या रस्त्याला दुकान होतं. ती इथं नात्यातल्या फुफीकडे, म्हणजे आत्याकडे, राहून शिकत होती आणि वर्गात सहसा बोलत नसे.

"बाई, हे चूक हाय," ती म्हणाली. "दोन्हीकडून N काढला तर शून्य बरोबर एक येते. असं कसं होईन?"

गणित शिकलेल्या कुणालाही हा प्रश्न पडायलाच हवा. मी पुण्यातल्या सरांसारखं समजावून पाहिलं, की ही बरोबरी नाही, ही आज्ञा आहे. कुणाच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. म्हणून पुढच्या शनिवारी मी चहाच्या टपरीवरून रिकाम्या काडेपेट्या गोळा करून आणल्या. प्रत्येकीवर एक अक्षर चिकटवलं. टेबलावर मांडल्या आणि त्या मुलीला टेबलामागे बसवलं.

"आता तू यंत्र. फळ्यावर जे लिहिलंय तेच करायचं. कमी नाही, जास्त नाही. स्वतःचं डोकं चालवायचं नाही."

N च्या पेटीत चारची चिठ्ठी होती. तिनं ती काढली, वाचली, पाटीवर एक मिळवला, पाचची चिठ्ठी लिहिली, पेटीत टाकली आणि जुनी चिठ्ठी फेकून दिली. मग ती थांबली आणि स्वतःशीच म्हणाली, "हां. पेटी तीच. आतला माल बदलला."

त्यानंतर आमचा वर्ग तसाच चालला. एक जण कार्यक्रम लिही, ती टेबलामागे बसून चालवी. तिच्याइतकं चांगलं यंत्र दुसरं कुणी झालं नाही, कारण बाकीच्यांना मध्येच दया यायची, लिहिणाऱ्याला काय म्हणायचं होतं ते बाकीचे आपण होऊन करून टाकायचे. ही करत नसे. एकदा रिसोडच्या पोरानं आकडे मिळवण्याचा कार्यक्रम लिहिला आणि मोजणी पुढे सरकवायची ओळ विसरला. ती पहिल्या आकड्यावरून 'जाय १०', पुन्हा पहिला आकडा, पुन्हा 'जाय १०' करत राहिली. पोरं हसली. ती करतच राहिली. कॉलेज सुटल्याची घंटा झाली.

"पुरे व आता," तो पोरगा म्हणाला.

"थांब लिवलं काय तू?" ती मान वर न करता म्हणाली.

त्यानं उठून फळ्यावर राहिलेली ओळ घातली, तेव्हा ती पुढे सरकली आणि शेवटाला पोचून हात झटकले. यंत्र कुठे अडकतं आणि का अडकतं, हे मला पुन्हा कधी समजावून सांगावं लागलं नाही.

दिवाळीनंतर मुलांनी माझ्यामागे लकडा लावला की आता खरं यंत्र दाखवा. नागपूरला एका अभियांत्रिकी संस्थेत संगणक होता. मी तिथं पत्र लिहिलं, बरेच दिवस उत्तर नाही, मग पुन्हा लिहिलं. शेवटी परवानगी आली की अमुक दिवशी दुपारी यंत्र मोकळं आहे, एक कार्यक्रम चालवता येईल.

कोणता चालवायचा, यावर वर्गात वाद झाला आणि ठरलं की तारीख दिली की वार सांगणारा. त्याचं सूत्र गणिताच्या पुस्तकात होतं. प्रत्येकानं आपापली जन्मतारीख द्यायची असं निघालं, तेव्हा कळलं की निम्म्या वर्गाचा जन्म जूनच्या किंवा जुलैच्या एक तारखेचा आहे. पहिलीत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेला. माझाही तोच. मग तपासणीसाठी सगळ्यांना माहीत असलेली एक तारीख घ्यावी म्हणून स्वातंत्र्याचा दिवस घेतला. त्या दिवशी शुक्रवार होता, हे पुस्तकात दिलेलंच होतं.

जायला पाच जण तयार झाले. कल्हईवाल्यांच्या मुलीला घरून परवानगी हवी होती. ती म्हणाली, "तुमी येऊन बोला बाई. मी बोलली तर अब्बा हासतीन."

मी मंगरूळपीरला गेले. दुकान म्हणजे रस्त्याकडेला छपरी, त्यात भाता आणि निखारे. ते एका पातेल्याला नवसागराचा हात फिरवत होते. धूर विरेपर्यंत मी बाजूला उभी राहिले. मग त्यांनी मला स्टूल दिलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"ही जबान बोलते कोण?" त्यांनी विचारलं.

"बोलत कुणीच नाही. लिहितात फक्त."

"अन् समजते कोणाले?"

"यंत्राला. आणि ज्यांनी शिकली त्यांना. इथं लिहिलेलं जपानातला माणूसही वाचू शकतो."

त्यांनी पातेलं उलटं ठेवलं. "माह्या आज्याले फारसी येत होती. कागदपत्रं वाचून द्याचा लोकायचे. बापाले उर्दू. मी मराठी शाळेत सातवी केली. आता पोरगी हे शिकून राह्यली." त्यांनी भात्याला एक हात मारला. "मना नाही करत मी. पण नागपूर दूर हाय. मीबी येतो संगं."

म्हणून आम्ही सात जण झालो. पहाटेच्या एसटीनं मंगरूळपीर, कारंजा, अमरावती करत नागपूरला पोचलो आणि माझ्या मावशीकडे उतरलो. मावशी बौद्ध वस्तीत दोन खोल्यांत राहायची. तिनं सगळ्यांना पिठलं-भाकरी वाढली. कल्हईवाल्यांनी जेवण झाल्यावर तिची काळवंडलेली परात हातात घेऊन निरखली आणि म्हणाले, "बाई, ही माह्याकडं पाठवा. दोन मिनिटाचं काम हाय." मावशी हसली. आम्ही परत निघताना तिनं ती परात खरंच त्यांच्याजवळ दिली.

दुसऱ्या दिवशी संस्थेत गेलो. यंत्राची खोली थंडगार. चपला बाहेर काढायच्या. काचेपलीकडे कपाटाएवढी यंत्रं, आणि अलीकडच्या खोलीत कार्डांना भोकं पाडायचं टंकयंत्रासारखं यंत्र. चालक तरुण होता, घाईत होता, पण वाईट नव्हता. एका ओळीला एक कार्ड, हे त्यानं एकदा दाखवलं. आम्ही आळीपाळीनं कार्डं पाडली. मुलीचे वडील बाहेरच्या बाकावर बसले होते, काचेतून बघत.

मराठीतला कार्यक्रम आम्ही वाशीमलाच इंग्रजी शब्दांत उतरवून घेतला होता. पोरांना आता त्या शब्दांची भीती उरली नव्हती. जाय म्हणजे काय ते एकदा कळल्यावर GO TO ला कोण भितो.

गठ्ठा यंत्रात गेला. खडखडाट झाला. छापलेला कागद बाहेर आला, त्यावर आमचा कार्यक्रम होता, आणि एका ओळीखाली चुकीची खूण. उत्तर काही नाही.

चालकानं कागद माझ्या हातात दिला. "बघा, दुरुस्त करा. पुढची वेळ मात्र आता पुढच्या महिन्यात मिळेल."

मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. GO TO 10. काही चुकलेलं दिसेना. एवढं लांब येऊन असं परत जायचं, हे मला त्यांच्या तोंडाकडे बघून सहन होईना. तेवढ्यात त्या मुलीनं कागद मागितला. तिनं शब्द वाचलेच नाहीत, एकेका अक्षरावर बोट ठेवत गेली, टेबलामागे बसल्यावर करायची तसं.

"बाई, हा शून्य त्या शून्यासारखा नाही," ती म्हणाली. "हा जाडा हाय. हा गोल ओ हाय."

दहातल्या शून्याच्या जागी कुणाच्या तरी बोटानं ओ दाबला गेला होता. आमच्या फळ्यावर दोन्ही सारखेच निघायचे, आणि काडेपेट्यांच्या यंत्राला त्यानं कधी फरक पडला नव्हता.

ती चालकापुढे जाऊन उभी राहिली. "दादा, एकच कार्ड बदलते. एकच."

त्यानं घड्याळाकडे बघितलं, मग आमच्याकडे. "एक कार्ड. लवकर."

तिनं उभ्यानंच कार्ड पाडलं, दोनदा वाचलं, जुनं काढून त्या जागी घातलं. पुन्हा खडखडाट. या वेळी कागद लांब निघाला. तारखा आणि त्यापुढे वाराचे आकडे. रविवार एक धरला होता, आणि स्वातंत्र्याच्या दिवसापुढे सहा आला होता. शुक्रवार.

रिसोडचा पोरगा कागदावरून हात फिरवत राहिला. मी उगाच कार्डांचा गठ्ठा नीट करत बसले.

मुलीनं कागद बाहेर नेऊन वडिलांना दाखवला. मी मागे होते. तिनं बोट ठेवून सांगितलं, हा वार, ही तारीख.

"बराबर हाय," ते म्हणाले. "जुमाच होता. रमजानातला आखरी जुमा. मी जवान होतो." मग त्यांनी काचेकडे बघितलं. "पण हे तू सांगतलं त्याले?"

"वार नाही सांगतला अब्बा. कसा मोजाचा, ते सांगतलं."

कागदाची घडी न करता त्यांनी तो गुंडाळला आणि येताना सबंध वाटभर, एसटीच्या गर्दीत, हातात उभा धरून आणला.

पुढच्या वर्षी वर्ग पुन्हा सुरू केला तेव्हा प्राचार्यांनी आपण होऊन कपाट दिलं, वर्गाचं सामान ठेवायला. कल्हईवाल्यांची मुलगी बी.एस्सी. झाली, मग नागपूरला होस्टेलात राहून एम.एस्सी., आणि तिथूनच एका सरकारी कचेरीच्या संगणक विभागात लागली. तिथं फोरट्रान नव्हती, कोबोल होती. तिला ती येत नव्हती आणि मलाही नाही. ती पत्रातून लिहायची, आज हे शिकले, आज ते. मी वाशीमला बसून तिच्या पत्रांवरून कोबोल शिकले. मास्तरीण विद्यार्थिनीकडून शिकते आहे, याचं मला फार बरं वाटायचं.

नोकरीत काही वर्षं गेल्यावर ती एकदा सुट्टीत आली. मी म्हटलं, आजचा वर्ग तू घे. ती आधी नको म्हणाली, मग उभी राहिली. नवी पोरं होती सगळी, आमच्या जवळच्याच मालेगाव-शिरपूरकडून, कुठून कुठून आलेली. तिनं फळ्यावर कोबोलची चार वाक्यं लिहिली आणि त्यांचा अर्थ सांगितला. बोलताना ती मध्येच नागपुरी, मध्येच आमच्याकडची बोलत होती आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं.

शिरपूरच्या एका मुलीनं हात वर केला. "ताई, बाई म्हणतात का नवीन नवीन भाषा निघून राह्यल्या. आमी शिकेपर्यंत ही जुनी झाली तं?"

"होईन जुनी," ती म्हणाली. "माही पहिली अर्धी जुनी झालीच. तवा मले बी भेव वाटलं होतं. पण दुसरी शिकाले पहिलीपेक्षा कमी दिवस लागले. अन् तिसरी आली त मी वाटच पाहून राह्यली होती तिची." मग खडू पुढे करून म्हणाली, "ये. पाचवं वाक्य तू लिव."

ती मुलगी बाकावरून उठली, ओढणी सावरली आणि फळ्यापाशी गेली. तिला वाक्य जमलं नाही. पण तिनं खडू खाली ठेवला नाही, पुसून पुन्हा लिहायला लागली, आणि आम्ही दोघी खिडकीपाशी उभ्या राहून तिचं होईपर्यंत थांबलो.